चुलीकडची जागा

थेबेक, ३ डिसेंबर

सेबोम,

फोन करू नकोस म्हणालीस. पत्र लिहू नकोस असं काही म्हणाली नव्हतीस, म्हणून लिहिते आहे. फाडायचं असेल तर फाड, पण वाचून फाड, कारण यात तुझ्या सापाची खबर आहे.

नुरुंजी ठीक आहे. भाताच्या तळाला लागलेल्या खरवडीचं नाव सापाला ठेवणारी तूच एक. रंगाने मात्र अगदी तसाच आहे मेला, कुठे पिवळा, कुठे करपट.

परवा आलीस काय आणि गेलीस काय. मुळ्याच्या वाळवलेल्या पानांचं सूप चढवलं होतं, त्याला उकळी यायच्या आत तुझी गाडी वळणावर दिसेनाशी झाली. सापाची पेटी आत आणून तुझ्या खोलीतल्या टेबलावर लावण्यापुरते बूट काढलेस. काम झालं की बूट चढवलेस आणि उंबऱ्याबाहेर उभी राहून मला सूचना दिल्यास. मी जणू तुझ्या हाताखालची शिकाऊ मुलगी.

"पेटीची एक बाजू उबेची, एक गारव्याची," म्हणालीस. "वरचा चिनीमातीचा गोळा उबेच्या बाजूला आहे, तो तिथेच राहू दे. त्याला जोडलेली ही डबी ऊब मोजते. जास्त झाली की गोळा बंद, कमी झाली की चालू. तिच्या तारेचं टोक हलवायचं नाही."

"आणि गार बाजू कशाला? या थंडीत कोण गारव्यात जाऊन बसतं?"

"कुठे बसायचं ते त्याचं तो ठरवतो. आणि पेटी टेबलावरच राहील. जमिनीवर ठेवायची नाही."

का, ते सांगितलं नाहीस. विचारलं असतं तर म्हणाली असतीस, सांगते तेवढं कर. हे वाक्य तू माझ्याकडूनच उचललंस.

मग जाता जाता म्हणालीस, मार्चमध्ये ऑफिसच्या वसतिगृहातून बाहेर पडेन, स्वतःचं घर घेईन, तेव्हा याला न्यायला येईन. तोवर फोन नको. "तुझ्या तोंडून 'सगळं ठीक आहे' ऐकायचं नाहीये मला."

कुठे बोचतंय ते कळतं मला. मागच्या वर्षी तुझे बाबा दवाखान्यात होते तेव्हा मी रोज फोनवर तेच सांगत होते. सगळं ठीक आहे, तू अभ्यास कर. परीक्षा देऊन आलीस ती थेट त्यांच्या फोटोसमोर, पांढऱ्या फुलांसमोर. मी काही सुखाने खोटं बोलत नव्हते. खाणीची धूळ छातीत घेऊन आयुष्यभर खोकलेल्या माणसाची एकच इच्छा होती, पोरीने खुर्चीत बसून काम करावं. पास झालीस ना? हे म्हटलं की तू फोन ठेवतेस, म्हणून कागदावर म्हणते.

तुझ्या वाटचा भात मी झाकणाच्या वाटीत घालून माझ्या खोलीत चुलीकडच्या जागी गोधडीखाली ठेवला, तुझे बाबा रात्रपाळीला असले की मी त्यांच्यासाठी ठेवायचे तसा. चुलीची धग जाऊन बॉयलरचं गरम पाणी जमिनीखालून फिरायला लागलं तरी भिंतीलगतची ती जमीन अजून तशीच तापते. जमिनीवर चिकटवलेला मेणकागद करपून तपकिरी झालाय तिथला. संध्याकाळी वाटी उघडली तर भातातून वाफ आली. मग मीच खाल्ला.

मार्चमध्ये येशील ती सापासाठी, माझ्यासाठी नाही, एवढं मला समजतं. चालेल. येशील तर खरी. तोवर तो जगला पाहिजे आणि तो मी जगवीन.

तुझी आई

थेबेक, १५ डिसेंबर

सेबोम,

नुरुंजी ठीक आहे. हे आधी लिहून टाकते.

तू गेल्यावर मला वाटलं गोळा उडाला. दिवा म्हणावा तर उजेड नाही. चालू आहे का बघायला बोट लावलं आणि बोटाला हा मोठा फोड. मग कांगनुंगच्या त्या दुकानदाराला फोन केला, ज्याच्याकडून तू सगळं सामान घेतलंस. पोरगा तोंडाचा गोड आहे. मला काकू म्हणतो.

"काकू, तो उजेडासाठी नाहीच. सापाला अंधारही लागतो. हा नुसती ऊब देतो, उन्हासारखी वरून."

"मग ती खाली घालायची गादी मिळते म्हणतात, विजेवर तापणारी, ती का नाही दिलीस माझ्या मुलीला?"

"मिळते की. पण तिच्यावर डबीचा ताबा नसेल तर साप भाजतो. पोटाखालचा चटका त्याला कळत नाही, तसाच पडून राहतो. तुमच्या मुलीने विचार करून गोळा निवडलाय. तुम्ही बोटं तेवढी लांब ठेवा."

माझ्या मुलीने विचार करून निवडलाय म्हणे. ऐकायला बरं वाटलं.

एक गोष्ट मात्र आहे. सकाळी उबेच्या बाजूचा आकडा बघते तर तू सांगितलेल्याच्या खाली असतो. गोळा बिचारा सारखा चालूच, डबी कधी टक् करून बंद म्हणून होत नाही. दुकानदार म्हणाला, "काकू, खोली किती गार आहे तुमची?" मी म्हटलं, खोलीसारखी खोली आहे. तो म्हणाला, खोलीच गार असेल तर गोळ्याने तरी काय करावं, आधी खोली तापवा, नाहीतर दुसरा गोळा आणि त्याला दुसरी डबी लावा. आता माझ्या घरात डब्यांचं दुकान मांडायचं काय? खिडक्यांना लावतो तो फुग्याफुग्यांचा प्लास्टिकचा कागद पेटीला तीन बाजूंनी गुंडाळला, हवेची भोकं मोकळी ठेवली. आकडा जरा वर आला. दुकानदाराने शाबासकी दिली.

शेजारची दोकबेची आई आली होती. तू लहानपणी तिला घाबरायचीस, आता ती तुझ्या सापाला घाबरते. दारातूनच मान लांब करून बघितलं तिने.

"सेबोमच्या आई, वाईट वाटून घेऊ नका, पण घरात साप येतो तो घर राखायला येतो. आमच्या सासूच्या माहेरी होता, भिंतीत राहायचा. तो निघून गेला आणि वर्षाच्या आत घराला कुलूप लागलं."

"हा भिंतीतून नाही आला, बुसानहून गाडीने आलाय."

"म्हणून काय झालं? जाऊ देऊ नका त्याला."

मी म्हटलं, मार्चमध्ये जाणारच आहे तो. तिने असं काही तोंड केलं की मलाच कसंतरी झालं.

उंदीर खाल्ला त्याने. फ्रीजरमध्ये उकडायच्या मांडूच्या पुरचुंड्यांशेजारी उंदीर ठेवायची वेळ तू माझ्यावर आणलीस. कोमट पाण्यात सोडून मऊ करायचा, चिमट्याने धरायचा, हे सगळं केलं मी, नाकाला रुमाल बांधून. त्याने तो एका झटक्यात धरला आणि मी किंचाळले. मग त्याचं खाऊन होईपर्यंत समोरच बसून राहिले. कुणीतरी या घरात पोटभर जेवतंय हे बघायला बरं वाटतं.

तू जेवतेस ना वेळेवर?

आई

थेबेक, ८ जानेवारी

सेबोम,

नवं वर्ष लागलं, तुझं काही आलं नाही. मी वाटही बघितली नव्हती. नुरुंजी ठीक आहे.

इथे असली थंडी पडलीय की विचारू नकोस. खिडकीच्या आतल्या बाजूला बर्फ. नळ गोठू नयेत म्हणून थेंबथेंब पाणी सोडून ठेवलंय. अंगणातल्या किमचीच्या मडक्यावरचं झाकण हातोडीने ठोकून काढावं लागलं. दोकबेच्या आईचा बॉयलर बंद पडला तर ती दोन दिवस माझ्याकडे मुक्कामाला होती, सापाच्या खोलीकडे पाठ करून झोपायची.

गोळ्याने हात टेकले. काल उबेच्या बाजूचा आकडा गार बाजूला असायला हवा त्याच्याही खाली गेला. नुरुंजी पेटीतल्या आपल्या खोपटात वळकटी होऊन बसलेला, हाक मारली तरी ढिम्म. मी पेटी उघडली आणि त्याच्यावर हात ठेवला. हो, मी. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. कसा गार लागला म्हणून सांगू. दवाखान्यात तुझ्या बाबांचे पाय शेवटी असेच लागायचे, कितीही मोजे घाला.

मग मी विचार करत बसले नाही. त्याला घरातली सगळ्यात मानाची जागा दिली. तुझे बाबा गेल्यापासून ती मी कुणाला दिली नव्हती, स्वतःही बसत नाही तिथे. कुठली ते मार्चमध्ये आलीस की दाखवीन. आत्ता सांगितलं तर तू टेबल टेबल करत बसशील. तुझी यंत्रं शिकलेली असतील, पण या घराला ऊब कशी धरायची ते तुझ्या जन्माआधीपासून माहीत आहे.

आज बघितलं तर अंगात जीव आलेला. वळकटी सोडून लांब पसरून पडला होता, सुस्त, तुझे बाबा अंघोळ करून पडायचे तसा. मला इतका आनंद झाला की एकटीच बोलत सुटले. म्हटलं, बघ रे, तुझी मालकीण सांगते एक आणि तिची आई करते एक, आणि शेवटी जीव कुणाच्या हाताने वाचतो?

आता मार्च काही लांब नाही.

आई

थेबेक, १३ जानेवारी

सेबोम,

मंगळवारी तुझा फोन आला तेव्हा मी अंगणात बर्फ लोटत होते. आत येईपर्यंत बंद झाला. नंतरचाही हुकला. काळजी करू नकोस.

नुरुंजी ठीक आहे. पोटाकडे थोडा रंग बदललाय, कात टाकायची वेळ झाली असेल. उंदीर घेतला नाही, पण थंडीत भूक मंदावतेच.

परत फोन करू नकोस, तुझ्या कामात उगाच खोळंबा होतो. थंडीचे कपडे घालत जा.

आई

थेबेक, १६ जानेवारी

सेबोम,

हे पत्र तातडीच्या टपालाने पाठवते आहे. खाली बसून वाच.

१३ तारखेचं पत्र खोटं आहे. मी अंगणात नव्हते. फोन माझ्या मांडीवर वाजत होता. वर तुझं नाव दिसत होतं. वर्षभर मी त्या नावाची वाट बघितली आणि ते आलं तेव्हा मी फोन गोधडीखाली सरकवला. तो तिथे बराच वेळ वाजत राहिला. मला माहीत होतं तू का फोन करते आहेस. मानाची जागा वाचून तुझ्या लक्षात आलं असणार. या घरात वाढलीस तू.

मी नुरुंजीला चुलीकडच्या जागी ठेवलं होतं. किमचीच्या मोठ्या डब्याला भोकं पाडली, त्यात जुना टॉवेल घातला, डबा तपकिरी कागदावर ठेवला आणि वर तुझ्या बाबांची गोधडी घातली. चारही बाजूंनी खोचून. वारा लागू नये म्हणून.

दुकानदाराने सांगितलं होतं की तापणारी गादी सापाला भाजते. ते मला नीट आठवत होतं. पण जमीन म्हणजे गादी, हे डोक्यातच आलं नाही गं. जमिनीवर मी तुला वाढवलं. ताप आला की तिथेच निजवायचे, तुझी आजी तिथेच गेली. जमीन कुणाला इजा करते असं या घरात कुणी कधी म्हटलेलं नाही. तू टेबलावर ठेव म्हणालीस ते मला शहरातलं फॅड वाटलं.

सुस्त पडला होता तो आरामात नव्हता. मी आनंदाने तुला पत्र लिहीत होते तेव्हा तो खालून भाजत होता. तीन दिवसांनी टॉवेल बदलायला उचलला तर पोटाचे खवले तांबूस-काळे, मधेमधे पाणी भरलेले फोड. टॉवेलला चिकटलेलं हलकेच सोडवलं आणि त्याला परत त्याच्या पेटीत ठेवलं, ती माझ्या खोलीत आणून, टेबलावर. मग मी काय केलं माहीत आहे? फोन मांडीवर घेऊन बसले. कुणाला करायचा ते ठरेना, आणि तेवढ्यात तुझाच आला. त्यानंतर तुला ते 'ठीक आहे'चं पत्र लिहिलं आणि टपालपेटीत टाकून आले. बर्फातून चालत जाऊन.

परत येताना दोकबेच्या आईने अडवलं. माझं तोंड बघून म्हणाली, "कोण गेलं?"

"कुणी नाही. सेबोमच्या सापाला भाजलं."

"अगंबाई. तिला सांगितलंत?"

"मार्चपर्यंत बरा होईल."

ती म्हणाली, "सेबोमचे बाबाही बरे होणार होते." असं बोलणारी बाई नाही ती. मी तिला तिथेच सोडून घरात आले आणि दार लावून घेतलं. खूप राग आला मला तिचा. अजूनही आहे.

इथला कुत्र्यामांजरांचा डॉक्टर म्हणाला, साप मी बघत नाही, वोन्जूला एक बाई बघते. माशांच्या थर्माकोलच्या खोक्यात त्याला उशीच्या अभ्र्यात घालून बसवलं, खिशात ठेवायच्या गरम पुड्या खोक्याच्या एकाच बाजूला चिकटवल्या, मधे टॉवेल घालून. एकाच बाजूला. दुसरी बाजू गार ठेवली. आता अक्कल आली. बसमध्ये शेजारचा म्हातारा विचारतो, "काय नेताय, मासळी?" मी म्हटलं, मुलीची वस्तू आहे. घाटात बर्फामुळे बस थांबली तेव्हा मी खोक्याच्या झाकणावर हात ठेवून बसून राहिले. म्हाताऱ्याने खिशातून संत्रं काढून दिलं. ते न सोलताच पिशवीत टाकलं.

ती डॉक्टर, मा आडनावाची, तुझ्याच वयाची आहे. त्याला हातात घेऊन उलटा केला आणि दिवा जवळ ओढला.

"खाली गादी होती का तापणारी?"

"जमीन होती. चुलीकडची. वर गोधडी घातली होती."

मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, "माझ्या आजीनेही हेच केलं असतं, मावशी." मग समजावून सांगितलं. आपल्याला चटका बसला की आपण सरकतो. याला उशिरा कळतं, आणि कळलं तरी सरकायला जागा हवी ना. डब्यात सगळीकडे तेवढीच आग. तू म्हणाली होतीस, कुठे बसायचं ते त्याचं तो ठरवतो. मी त्याला ठरवायला जागाच ठेवली नव्हती. एवढंच लिहिते यावर. बाकीचं तुला कळेल.

इंजेक्शन दिलंय, मलम दिलंय, खाली भुशाऐवजी पांढरा कागद घालायचा आणि रोज बदलायचा. जखमेत पू झाला तर जगणार नाही. हा आठवडा अवघड आहे म्हणाली.

आणि आणखी एक म्हणाली, ते मी तुला सांगायलाच हवं असं काही नाही, पण सांगते. म्हणाली, जगलाच तर दोन-तीन वेळा कात टाकल्यावर डागसुद्धा ओळखू येणार नाहीत. म्हणजे मार्चमध्ये तू आली असतीस, पेटी उचलली असतीस, थँक्यू म्हणाली असतीस कदाचित, आणि तुला कधीच कळलं नसतं. वोन्जूहून येताना अख्ख्या वाटेत मी हेच घोळवत होते. खोक्यात तो आणि डोक्यात हे.

निघताना तिने विचारलं, "मालकीण तुमची मुलगी ना? तिला बोलवा. यायचं की नाही ते तिचं ती ठरवेल."

आणि माझ्या तोंडातून काय निघालं असेल? "तिला सध्या काम आहे." विचार न करता, तस्संच निघालं. दवाखान्यातल्या त्या डॉक्टरनेही मला म्हटलं होतं, मुलीला बोलावून घ्या, आणि मी म्हटलं होतं, तिची परीक्षा आहे. माझं मलाच ऐकू आलं ते. दुकानाच्या दारातली घंटी वाजते ना आत कुणी आलं की, तसं.

बाबांच्या वेळी मी बरोबर होते की चूक, यावर मी आज भांडत नाही. मला अजून वाटतं त्यांनी मला तेच करायला सांगितलं असतं. तुला वाटतं तो हक्क तुझा होता. ते राहू दे तसंच आपल्या दोघींच्या मधे. पण हा साप तुझा आहे, जगला तर तुझा आणि गेला तर तुझाच जाणार, आणि ते मी एकटीने माझ्याजवळ ठेवून घेऊ शकत नाही. म्हणून लिहिते आहे. फोनवर मला हे सांगता येणार नाही. फोन कानाला लावला की माझ्या तोंडून ते तीनच शब्द बाहेर पडतात.

आणखी एक. तुझी खोली इतकी गार का होती ते मी दुकानदारालाही सांगितलं नाही. तू बाबांचे विधी आटपून गेलीस त्या आठवड्यात मी तुझ्या खोलीच्या जमिनीखाली जाणारा गरम पाण्याचा नळ बंद केला. तूच येणार नाहीस तर तापवायची कुणासाठी, असा राग होता माझा. साप आला तेव्हा उघडायचा होता. नाही उघडला, कारण तू बूट घालून बाहेरच उभी राहिलीस. आणि कडाक्याच्या थंडीत उघडायला गेले तर आतलं पाणी गोठलेलं, नळ फिरेना. म्हणून चुलीकडची जागा. हे सगळं एका रागातून झालं, आणि त्यात तो बिचारा कुठेच नव्हता.

काल दोकबे येऊन गेला. गरम पाण्यात भिजवलेली फडकी गुंडाळून गुंडाळून नळ सोडवला. आता तुझ्या खोलीची जमीन तापते. साप मी हलवलेला नाही, माझ्याजवळच आहे, डोळ्यांसमोर.

तू रागावशील. येऊन पेटी उचलून नेशील आणि मग मार्च नाही, काहीच नाही. मी ते धरून चालले आहे. तरी ये. त्याच्याजवळ बसावंसं वाटत असेल तर उशीर करू नकोस.

नाही आलीस तर मी रोज लिहीन आणि खरं लिहीन. आजचं खरं हे: त्याने पाणी प्यायलं नाही. दुपारी जीभ दोनदा बाहेर काढली. डोकं उचललं नाही.

आई

बुसान, १७ जानेवारी

आई,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं. जिन्यात जाऊन रडले, मग परत वर येऊन फायली लावल्या. उद्या संध्याकाळी येते. हे पत्र आत्ताच तातडीच्या टपालात टाकते, माझ्याआधी पोचेल. फोनवर आत्ता मी नीट बोलू शकणार नाही, नुसती ओरडेन.

खूप राग आलाय. सापाचा कमी, फोन गोधडीखाली ढकललास त्याचा जास्त. मी दर वेळी तो वाजताना ऐकत होते. बाबांच्या वेळीही मी ऐकत होते, तू उचलायचीस आणि ठीक आहे म्हणायचीस, आणि तुझ्या आवाजामागे कुठलं तरी यंत्र टकटकत असायचं. मी विचारलं नाही. मला परीक्षा द्यायची होती. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

बाबांबद्दल तू बरोबर होतीस असं मी कधीच म्हणणार नाही. त्यावर मला भांडायचं आहे, समोर बसून. जेवण करून ठेव, उपाशीपोटी मला भांडता येत नाही.

आता नीट वाच आणि मी येईपर्यंत एवढं कर. पेटीवरचा फुग्यांचा कागद काढ, तुझ्या खोलीत तो नको. डबीच्या तारेचं टोक खोपटाच्या आत कागदावर टेकलेलं आहे का बघ. आकडा नेहमीपेक्षा थोडा खाली लाव, भाजलेल्या अंगाला जास्त ऊब सोसत नाही. पाण्याचं भांडं गार बाजूला ठेव. तो गार बाजूला गेला तर त्याला उचलून आणू नकोस, त्याला हवं असेल म्हणून गेला असेल. मलम लावताना बोटं गार नसावीत. घाबरू नकोस, तो चावत नाही.

डॉक्टरबाईंना कळव की मालकीण येतेय.

मी पोचायच्या आत काही झालं तर फोन कर. झोपलेली असले, मीटिंगमध्ये असले, काहीही. गेला असेल तर गेला म्हणून सांग. मी उचलेन.

आणि नळ सुटला असला तरी मी माझ्या खोलीत नाही झोपणार, त्याच्याजवळ झोपेन, म्हणजे तुझ्या खोलीत. माझं अंथरूण दाराकडे घाल. चुलीकडे नको.

सेबोम